ध्वनिवर्धक संचांतील वीजपुरवठा : बिघाड आणि दुरुस्ती

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे जिल्हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. नाटक, कीर्तन, तमाशा, कुस्त्यांचे फड आणि सार्वजनिक सभा यांची परंपरा या दोन्ही जिल्ह्यांत सारखीच रुजलेली आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नटाला शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आपला आवाज केवळ गळ्याच्या बळावर पोहोचवावा लागे. पुढे गावोगाव वीज आली आणि हे काम ध्वनिवर्धकाकडे गेले. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. १९६३ मध्ये सांगली येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. आज ग्रामपंचायत कार्यालय, समाजमंदिर, देऊळ आणि प्राथमिक शाळेचा वर्ग यांपैकी कोठे ना कोठे एखादा ध्वनिवर्धक संच आढळत नाही, असे गाव या भागात शोधावे लागेल.

या संचाचे महत्त्व केवळ समारंभापुरते नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा वेळी वीज व दूरध्वनी खंडित होण्यापूर्वीच्या काही तासांत नदीकाठच्या वस्तीला सावध करण्याचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे पंचायतीचा ध्वनिवर्धक होय. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये आणखी एक उपयोग दाखवून दिला. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद ठेवून मुलांनी अभ्यासास बसावे, असा निर्णय गावाने घेतला. शाळेच्या वर्गातही संगणक किंवा पडद्यावरील पाठाबरोबर टेबलावर ठेवण्याचे लहान ध्वनिवर्धक आले आहेत. चित्र दिसते परंतु आवाज ऐकू येत नाही, अशा वर्गात कवितेचे गायन व इंग्रजी उच्चार यांचा पाठ अर्धा राहतो.

तथापि, हे संच अनेकदा कपाटावर धूळ खात पडलेले दिसतात. ‘जळाला’ एवढाच शेरा मारून त्यांचे निर्लेखन प्रस्तावित केले जाते. वस्तुतः अशा संचातील ध्वनिफलक, पेटी व प्रवर्धक बहुधा शाबूत असतात. बिघाड होतो तो मुख्यतः वीजपुरवठा विभागात, म्हणजे भिंतीतील २३० व्होल्टची वीज संचास मानवेल अशा कमी दाबाच्या विजेत रूपांतरित करणाऱ्या भागात. तो बिघाड कसा ओळखावा, कोणी दुरुस्त करावा आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याची माहिती शिक्षक व पंचायत सदस्यांना असणे अगत्याचे आहे.

वीजपुरवठा विभागाची रचना

टेबलावरील ध्वनिवर्धकांत वीजपुरवठ्याचे दोन प्रकार आढळतात. पहिला जुना व साधा प्रकार ट्रान्सफॉर्मरचा. यात वीज प्रथम फ्यूजमधून व बटणातून ट्रान्सफॉर्मरकडे जाते. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब १२ व्होल्टसारख्या कमी दाबावर आणतो. त्यानंतर चार डायोडांचा पूल प्रत्यावर्ती प्रवाह एकाच दिशेने वळवितो आणि मोठे कपॅसिटर, म्हणजे धारित्रे, त्यातील चढउतार भरून काढतात. अशा रीतीने तयार झालेली सपाट वीज प्रवर्धक आयसीला मिळते. यूएसबी किंवा ब्लूटूथचा भाग असल्यास त्यासाठी ७८०५ सारखा ५ व्होल्टचा नियंत्रक स्वतंत्रपणे बसविलेला असतो. संच उचलून पाहिल्यास एका बाजूस जड लागतो, त्यावरून हा प्रकार सहज ओळखता येतो.

दुसरा प्रकार स्विचिंग वीजपुरवठ्याचा, ज्यास कारागीर ‘एसएमपीएस’ म्हणतात. यात २३० व्होल्टची वीज आधी सरळ केली जाते व नंतर एका ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहान फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून उतरविली जाते. हा पुरवठा हलका व स्वस्त असतो. मात्र त्याच्या पहिल्या भागातील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब साठलेला असतो. दुरुस्तीच्या दृष्टीने हा प्रकार अधिक धोक्याचा आहे.

घटक का जळतात ?

बिघाडाचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे न्यूट्रल तार तुटणे किंवा तिचा जोड सैल होणे. गावातील रोहित्रापासून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरील दोन इमारती एकमेकींशी साखळीने जोडल्यासारख्या होऊन ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. हे वाटप समान नसते. जिचा भार कमी, तिच्या वाट्याला दाब अधिक येतो.

एक उदाहरण घेऊ. एका घरात १,००० वॉटचे पाणी तापविण्याचे उपकरण चालू आहे. त्याचा रोध सुमारे ५३ ओहम होतो. दुसऱ्या फेजवरील शाळेत दिवा, पंखा व ध्वनिवर्धक मिळून केवळ १०० वॉटचा भार आहे. त्याचा रोध सुमारे ५२९ ओहम. न्यूट्रल तुटताच शाळेच्या वाट्याला ४०० पैकी जवळजवळ ३६४ व्होल्ट येतात. स्विचिंग पुरवठ्यात हा दाब सरळ झाल्यावर ५१४ व्होल्टच्या घरात जातो, आणि तेथील कपॅसिटरची सहनमर्यादा बहुधा ४०० व्होल्टची असते. कपॅसिटर फुटतो, त्यामागोमाग स्विचिंग ट्रान्झिस्टर जळतो. ट्रान्सफॉर्मरच्या संचात लोखंडी गाभा संपृक्त होतो, प्राथमिक वेढ्यातून अतोनात प्रवाह वाहतो आणि नशीब असल्यास फ्यूज वितळून बाकीचा संच वाचतो. गावात एकाच दिवशी चार-पाच घरांतील उपकरणे जळाली, काही घरांत दिवे अतिशय प्रखर तर काहींत मंद झाले, अशी तक्रार आली तर संच दुरुस्त करण्यापूर्वी वीज कंपनीकडून न्यूट्रलची तपासणी करून घेतली पाहिजे. अन्यथा नवे घटकही त्याच रात्री जळतील.

दुसरे कारण हवामानाचे. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट अधिक असतो. तारांवर उमटणारा क्षणिक उच्च दाब डायोड व आयसी निकामी करण्यास पुरेसा होतो. महाबळेश्वर, जावळी व पाटणच्या पश्चिम भागात पावसाळाभर हवेत दमटपणा राहतो. त्यामुळे मंडलपट्टीवर बुरशी चढते व जोड गंजतात. माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या भागांत धूळ व उष्णता यांचा त्रास होतो. बारीक धुळीच्या थराने उष्णता आतच कोंडते. कपॅसिटरचे आयुष्य तपमानाशी निगडित असून, तपमान दहा अंशांनी वाढले की ते सुमारे निम्म्यावर येते, असा व्यवहारातील ठोकताळा आहे.

तिसरे कारण संचाच्या वापरात आहे. क्षमतेबाहेर आवाज चढविणे, जादा ध्वनिफलक जोडणे व मागील जाळी भिंतीला टेकवून ठेवणे यांमुळे प्रवर्धक आयसी तापून आतल्या आत जुळते, म्हणजे शॉर्ट होते. मग तिला वीज पुरविणारे डायोड व फ्यूज यांवर त्याचा भार पडतो. म्हणून जळालेला फ्यूज हा पुष्कळदा मूळ रोगाचे केवळ लक्षण असतो.

हात लावण्यापूर्वी

संच उघडण्याचे काम विद्युत अथवा इलेक्ट्रॉनिक्सचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करावे. शिक्षक व पंचायत कर्मचारी यांनी बाहेरच्या बाहेर करावयाची तपासणी मात्र अवश्य करावी : त्याच खोबणीत दुसरे उपकरण चालते काय, वायर कोठे मुडपली किंवा उंदराने कुरतडली आहे काय, बाहेरून काढता येणारा फ्यूज शाबूत आहे काय आणि संगणकाकडून येणारी ध्वनीची तार नीट बसली आहे काय. यांपैकी एखादे कारण निघाल्यास संच उघडण्याची आवश्यकताच उरत नाही.

कारागिराने प्रथम प्लग खोबणीतून पूर्ण काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतर मोठे कपॅसिटर रिकामे करावेत. यासाठी पेचकसाने ठिणगी पाडण्याची पद्धत चुकीची आहे. तीमुळे कपॅसिटर व पट्टी दोन्ही खराब होतात आणि डोळ्यांस इजा होऊ शकते. दहा हजार ओहमचा, पाच वॉट क्षमतेचा रोधक वेष्टित चिमट्यांनी कपॅसिटरच्या दोन टोकांस काही सेकंद लावावा. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशा रीतीने सुमारे अडीच सेकंदांत रिकामा होतो. तरीही मल्टिमीटरने दाब मोजून तो शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय पट्टीला बोट लावू नये.

फ्यूजची साक्ष

काचेचा फ्यूज डोळ्यांसमोर धरून पाहिल्यास बरेच काही कळते. काच स्वच्छ असून आतील तार एका ठिकाणी तुटलेली दिसली, तर भार थोडा वाढला असावा किंवा फ्यूज जुना झाला असावा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर क्षणात फार मोठा प्रवाह वाहिला, म्हणजे पुढे कोठे तरी शॉर्ट आहे, हे निश्चित समजावे. अशा वेळी नुसता नवा फ्यूज बसवून वीज देणे व्यर्थ होय.

नवा फ्यूज पट्टीवर छापलेल्या अँपिअरचाच असावा. ट्रान्सफॉर्मरच्या संचास चालू होताना क्षणभर जादा प्रवाह लागतो. म्हणून तेथे विलंबाने वितळणारा फ्यूज योजलेला असतो. त्याच्या जागी शीघ्र वितळणारा बसविल्यास तो विनाकारण जातो. फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची प्रथा तर सर्वस्वी त्याज्य आहे. पाच-दहा रुपयांच्या फ्यूजची बचत करताना शाळेची इमारत आगीच्या तोंडी दिली जाते.

डायोड व ट्रान्सफॉर्मर यांची तपासणी

फ्यूज काळा पडलेला आढळल्यास पुढील तपासणी डायोडांची करावी. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी तपासावा. चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्टचा आकडा दाखवितो व उलट दिशेने वहनच करीत नाही. दोन्ही दिशांनी शून्याजवळचा आकडा आल्यास डायोड शॉर्ट आहे. पट्टीवर असताना मोजमाप संदिग्ध वाटले तर डायोडचे एक टोक सोडवून पुन्हा मोजावे. पुलातील एक डायोड गेला असल्यास चारही बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण उरलेल्यांनीही तोच ताण सोसलेला असतो. लहान संचात १एन ४००७ हा १ अँपिअरचा, तर मोठ्या संचात १एन ५४०८ हा ३ अँपिअरचा डायोड सर्रास वापरतात. लहानाच्या जागी मोठा चालतो. मोठ्याच्या जागी लहान चालत नाही. डायोडवरील पांढरा पट्टा पूर्वीच्याच दिशेस यावा.

ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्याचा रोध लहान संचांत काही दशक ते काही शतक ओहम, तर दुय्यम वेढ्याचा फार तर एक-दोन ओहम असतो. प्राथमिक वेढा पूर्णपणे खुला दाखवीत असेल तर तो जळालाच, असा निष्कर्ष लगेच काढू नये. अनेक ट्रान्सफॉर्मरांत बाहेरच्या पिवळ्या पट्टीखाली उष्णतेने तुटणारा फ्यूज दडविलेला असतो. तो गेला असल्यास त्याच तपमानाचा व त्याच प्रवाहाचा नवा बसवावा. दोन तारा जोडून तो टाळणे धोक्याचे आहे, कारण आगीपासूनचे शेवटचे संरक्षण तोच देत असतो. वेढ्यास करपल्याचा वास येत असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मर बदलणेच योग्य.

कपॅसिटर : गुरगुर कोठून येते ?

संच बंद पडत नाही, परंतु आवाजाबरोबर सतत गुरगुर ऐकू येते, ही तक्रार फार वेळा येते. आवाजाचे बटण शून्यावर नेले तरी ही गुरगुर कमी होत नसेल, तर वीजपुरवठ्यातील कपॅसिटर क्षीण झाला असण्याचा संभव मोठा. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. चार डायोडांच्या पुलानंतर ती १०० हर्ट्झ होते आणि तोच सूर कानी पडतो.

याचे गणित सोपे आहे. संचाला अर्धा अँपिअर प्रवाह लागतो आणि कपॅसिटरला सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता एकट्याने भार वाहावा लागतो, असे धरू. कपॅसिटर २,२०० मायक्रोफॅरडचा असल्यास या अवधीत दाब सुमारे सव्वादोन व्होल्टने खाली येतो. तोच कपॅसिटर सुकून ४७० मायक्रोफॅरडचा उरला, तर दाबातील घट दहा व्होल्टवर जाऊ पाहते. एवढ्या हेलकाव्यात प्रवर्धकाचे काम नीट चालणे शक्य नाही.

डोक्यावर फुगलेला, तळाशी तपकिरी द्रव सांडलेला किंवा आवरण आक्रसलेला कपॅसिटर न मोजताही बदलावा. नवा घेताना चार गोष्टी पाहाव्यात : मायक्रोफॅरडचा आकडा तितकाच किंवा किंचित अधिक, व्होल्टचा आकडा तितकाच किंवा अधिक, तपमानाची मर्यादा ८५ अंशांऐवजी १०५ अंश, आणि जागेत मावेल अशी उंची. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपासून प्रत्यक्षात सुमारे १६ व्होल्टचा एकदिश दाब मिळतो व भार नसताना तो आणखी वाढतो. म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर तेथे अपुरा पडतो. २५ किंवा ३५ व्होल्टचाच घ्यावा. ऋण बाजूची पट्टी उलट बसल्यास कपॅसिटर फुटतो, हे सांगावयास नकोच.

प्रवर्धक वेगळा काढून पाहणे

वीजपुरवठ्यातील घटक बदलल्यावर लगेच संपूर्ण संचास वीज देऊ नये. प्रथम प्रवर्धकाकडे जाणारी तार सोडवून केवळ पुरवठा चालवावा व त्याचा दाब मोजावा. तो ठीक असल्यास, वीज काढून, प्रवर्धक आयसीच्या वीजटोकांमधील रोध पाहावा. तो शून्याजवळ असेल तर मूळ अपराधी आयसीच होय.

अशा संचांत दीर्घकाळ वापरात असलेली टीडीए २०३० ही आयसी पाच पायांची असते. तिचा तिसरा पाय ऋण दाबाचा, पाचवा धन दाबाचा आणि चौथा ध्वनिफलकाकडे जाणारा. तिची धातूची पाठ आतून तिसऱ्या पायास जोडलेली असते. म्हणून धन-ऋण अशा दुहेरी पुरवठ्यावर चालणाऱ्या संचात आयसी व उष्णता वाहून नेणारा ॲल्युमिनियमचा पत्रा यांमध्ये अभ्रकाचा तुकडा ठेवावा लागतो. जुनी आयसी काढताना हा तुकडा हरवला आणि नवी तशीच आवळली, तर पुरवठा पुन्हा शॉर्ट होऊ शकतो. दुहेरी पुरवठ्यावरील संचात नवी आयसी बसविल्यावर ध्वनिफलक जोडण्यापूर्वी चौथ्या पायावर एकदिश दाब जवळजवळ शून्य असल्याची खात्री करावी. तेथे काही व्होल्ट आढळल्यास ध्वनिफलकाचे वेटोळे जळून दुरुस्तीचा खर्च दुप्पट होईल.

स्विचिंग पुरवठ्यात फ्यूजजवळच निळ्या किंवा पिवळ्या चकतीसारखा वॅरिस्टर असतो. दाब फार वाढला की तो स्वतः वाहू लागून फ्यूज उडवितो. तो फुटलेला किंवा काळवंडलेला दिसला, तर तारेतून अतिरिक्त दाब आला होता, याची ती खूण होय. त्यापुढे पुलाचे डायोड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर, स्विचिंग ट्रान्झिस्टर किंवा आयसी आणि तिच्या पायातील लहान रोधक या क्रमाने तपासावे. यांतील एकच घटक बदलून वीज दिल्यास उरलेला सदोष घटक नव्याचा घास घेतो. म्हणून सर्व तपासणी संपल्यावरच वीज द्यावी. पट्टी करपून कोळसा झाला असेल, तर त्याच मोजमापाची तयार पट्टी बसविणे अधिक सुरक्षित व अनेकदा स्वस्तही पडते.

पुन्हा वीज देताना

दुरुस्तीनंतरची पहिली वीज ‘सीरीज दिव्या’तून द्यावी, ही जुन्या कारागिरांची पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे. फेज तारेत ६० किंवा १०० वॉटचा तारेचा जुना दिवा साखळीने जोडावा. संच ठीक असल्यास दिवा क्षणभर उजळून मंद होतो. तो प्रखर पेटून राहिला, तर शॉर्ट अद्याप शिल्लक आहे असे समजावे. परंतु दिव्याने प्रवाह रोखून धरल्यामुळे नवे घटक वाचलेले असतात. ६० वॉटचा दिवा पाव अँपिअरहून फारसा अधिक प्रवाह जाऊच देत नाही. स्विचिंग पुरवठ्यात दिवा काही वेळा लुकलुकतो. तेवढ्यावरून दोष आहे असे मानू नये. या कामास एलईडी दिवा चालत नाही, हे लक्षात ठेवावे.

पुरात भिजलेले संच

२००५, २०१९ व २०२१ च्या पुरांनी मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना जो अनुभव दिला, त्यातून एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाण्यात बुडालेला संच ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी कधीही लावू नये. पुराच्या पाण्यातील गाळ वीजवाहक थर मागे ठेवतो. पुष्कळ संच पाण्याने नव्हे, तर या घाईच्या चाचणीने जळतात. संच उघडून पट्टी स्वच्छ पाण्याने व मऊ कुंचल्याने धुवावी आणि सावलीत, वाऱ्यावर अनेक दिवस वाळू द्यावी. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतील कागद बाहेरून कोरडा दिसला तरी आतून ओला असू शकतो. म्हणून त्याचा विसंवाहक रोध मेगरने मोजल्याशिवाय त्यास वीज देऊ नये. कागदी ध्वनिफलक मात्र बहुधा बदलावेच लागतात. पूररेषेतील कार्यालयांनी संच मुळातच माळ्यावर अथवा वरच्या मजल्यावर बसविणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

प्रतिबंधक काळजी

दुरुस्तीपेक्षा प्रतिबंध स्वस्त असतो. विजा चमकू लागताच संचाचा प्लग काढून ठेवावा. शाळा सुटल्यावर व कार्यालय बंद होताना मुख्य बटण बंद करावे. इमारतीचे भू-संयोजन, म्हणजे अर्थिंग, वर्षातून एकदा उन्हाळ्यात तपासून घ्यावे. जेथे दाबाचा चढउतार नित्याचा आहे, तेथे ठरावीक मर्यादेबाहेर दाब गेल्यास वीज तोडणारे साधन बसवावे. न्यूट्रल तुटण्याच्या प्रसंगी हेच साधन कामास येते. वर्षातून दोनदा कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. आवाज मर्यादेत ठेवल्याने संचही टिकतो व कायद्याचेही पालन होते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक वापरण्यावर निर्बंध आहेत.

नोंद, निर्लेखन आणि ई-कचरा

जडवस्तू नोंदवहीत संचाची केवळ खरेदी नोंदविलेली असते. त्याच पानावर बिघाडाची तारीख, लक्षण, बदललेले घटक आणि त्या दिवशी गावात वीजदाबाची काही तक्रार होती काय, एवढे लिहिण्याची पद्धत ठेवल्यास तिचे दोन लाभ होतात. एकाच संचात तोच घटक पुनःपुन्हा जळत असेल, तर दोष इमारतीच्या विद्युत जोडणीत आहे हे कळून येते. शिवाय निर्लेखनाचा प्रस्ताव येतो तेव्हा निर्णयास आधार मिळतो. दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर निर्लेखन समर्थनीय ठरावे. परंतु डायोड व कपॅसिटर यांसारख्या अल्प किमतीच्या घटकांसाठी संपूर्ण संच मोडीत काढणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय. जो संच खरोखरच निरुपयोगी ठरेल, तो भंगारवाल्याकडे देऊ नये किंवा जाळू नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाणे आवश्यक आहे.

कौशल्याची परंपरा

दुरुस्तीचे कौशल्य या भूमीला नवे नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. त्यातून उभ्या राहिलेल्या मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून यंत्रे घडवीत आला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्यामुळे शिक्षकवर्ग, प्रयोगशाळा व विद्यार्थी ही तिन्ही साधने हाताशी आहेत.

तालुक्यातील शाळा व पंचायती यांनी बंद पडलेले संच वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुटीत, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकत्र आणले आणि निदेशकांच्या देखरेखीखाली प्रशिक्षणार्थ्यांनी ते तपासले, तर प्रशिक्षणार्थ्यांना खराखुरा बिघाड हाताळण्यास मिळेल व गावांना त्यांचे संच परत मिळतील. घटकांचा खर्च पंचायतीने सोसावा. जूनमध्ये शाळा उघडतात आणि नदीही त्याच सुमारास वाढू लागते. त्यापूर्वी प्रत्येक गावाचा संच तपासून जागेवर बसविलेला असावा, एवढे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामसभेने आपल्यापुरते ठरविले तरी पुष्कळ साधेल.